पाणबुड्या घरच्या विहिरीत उतरतो

वाशीम जिल्ह्यात पाणबुड्याला काय काम असणार, हा प्रश्न मला फौजेतून निवृत्त होण्याआधी पडायला हवा होता. मार्चनंतर आमच्याकडे नदीच्या पात्रात क्रिकेटचे सामने होतात आणि चौकार मारला की चेंडू पलीकडच्या काठाजवळ कोरडा सापडतो. अशा मुलखात मी पाण्याखाली श्वास घेण्याची विद्या शिकून, तिची दोन प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून परत आलो. गावानं स्वागत जोरात केलं. हार झाला, जयभीम झाला, चहा झाला. मग पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं,

"फौजेत नेमकं काय करत होता बापू तू?"

"पाण्यात बुड्या मारत होतो."

"अन् त्याचा पगार भेटत होता?"

"हो."

म्हाताऱ्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "माही म्हैस फुकटच मारते," तो म्हणाला.

त्या दिवशी गावात माझी जी किंमत ठरली, ती अजून बदललेली नाही.

मी मारलेल्या बुड्या मात्र म्हशीच्या आवाक्यातल्या नव्हत्या. देशाच्या पार उत्तरेला, चौदा हजार फुटांवर, बर्फाच्या डोंगरांमध्ये गोड्या पाण्याचं एक सरोवर होतं. तिथे पोचल्यावर पहिले काही दिवस नुसतं अंथरुणात पडून राहायचं, कारण बुटाची नाडी बांधली तरी दम लागायचा. जिथे काठावर उभ्या माणसाला श्वास पुरत नाही, तिथेच पाण्याखाली जाऊन श्वास घ्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली तो स्वतः सपाटीवर राहणारा असावा. आम्ही पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे तुकडे आणि अंगात जाडजूड रबराचा सूट चढवून, बदकासारखे फेंगडे चालत पाण्यात उतरायचो. पाणी चार डिग्री. पहिल्या मिनिटात कपाळ ठणकायचं, दुसऱ्या मिनिटात ओठ बधिर व्हायचे आणि मग तोंडातली नळी तोंडात आहे की नाही हे हातानं चाचपून बघावं लागायचं. जोरात श्वास ओढला तर त्या नळीचा पडदाच गोठायचा आणि सगळी हवा फसफसत बाहेर पडायची. म्हणून घाबरायचं, पण हळूहळू घाबरायचं, अशी शिकवण होती. बाहेर आल्यावर अर्धा तास सगळे बोबडे बोलायचो. एकदा मी साहेबांना दिलेला तोंडी अहवाल त्यांना दोनदा ऐकूनही कळला नाही. त्यांनी "शाबास" म्हणून विषय संपवला.

उंचीवरच्या बुडीचं गणितही उलटं असतं. हवेचा दाब कमी, म्हणून साठ फूट खोल गेलात तर शंभर फूट गेलो असं धरायचं. वर येताना ठरलेल्या खोलीवर ताटकळत थांबायचं. त्या दिवशी आणखी वरचा घाट चढायचा नाही, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस कायमचा वाकडा होतो. हे सगळं कशासाठी, तर पाण्यात पडलेलं सामान बाहेर काढण्यासाठी. एकदा बुडालेली नाव काढली, एकदा एक जनरेटर काढला आणि एकदा चार माणसांनी दोन दिवस खपून एक दुर्बीण काढली, जी पुसून बघितल्यावर आधीपासूनच फुटलेली निघाली.

पण ते पाणी! चाळीस फूट खालून वर पाहिलं तर काठावर रस्सी धरून उभा असलेला माणूस दिसायचा, त्याच्यामागचा डोंगर दिसायचा, डोंगरावरचा ढगही दिसायचा. माझ्या आयुष्यात मला इतकं काही स्वच्छ दिसलेलं नाही. मला ते फार आवडायचं. इतकं, की वर्षातून एकदा सुट्टीवर घरी यायचो तेव्हाही मी तिथलंच बोलत बसायचो आणि घरात काय चाललंय ते विचारायचं राहून जायचं. काळ्या सुटातला माझा एक फोटो बाबांनी भिंतीवर लावला होता. त्यात माझा चेहराच दिसत नव्हता, नुसती काच आणि नळ्या. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा माहा लहाना पोरगा." लोक बिचारे विश्वास ठेवायचे. बाबांनी त्या सरोवराबद्दल मला एकच प्रश्न विचारला होता, पाणी गोडं आहे का? हो म्हटल्यावर म्हणाले, "मंग एवढं पाणी तेथी नुसतं ठेवून काय करून राह्यले?" फौजेत याचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं.

आता पाण्याचा प्रश्न निघालाच आहे, तर विहिरीबद्दल सांगतो.

आमची विहीर आजोबांनी खोदलेली, पंचावन्न फूट खोल. वाटणीत ती अर्धी मला आली, अर्धी मोठ्या भावाला. बांध बरोबर विहिरीच्या मधून जातो, म्हणजे कागदावर जातो. पाण्याला तो कागद कोणी दाखवलेला नाही. दोन मोटारी, दोन पाळ्या, एक दिवस त्याच्या तुरीला, एक दिवस माझ्या हरभऱ्याला. मी वर डोंगरात असायचो तेव्हा माझी पाळीही भाऊच सांभाळायचा, माझ्या शेताला माझ्यापेक्षा जास्त पाणी त्यानंच दिलं असेल. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि ध्यानात असणं यात फरक असतो.

सात वर्षांपूर्वी मी डोंगरातून फोनवर फर्मान सोडलं, की माझ्या बाजूला मोटारीसाठी सिमेंटचा पक्का ओटा बांधा. मिस्त्री लावला, ओटा झाला. त्याच वर्षी विहिरीचं पाणी कमी झालं. पूर्वी दिवसभर उपसली तरी सकाळपर्यंत भरणारी विहीर आता आठ दिवस झाले तरी भरेना. पुढच्या वर्षी भावानं त्याच्या बाजूला, विहिरीपासून चाळीस पावलांवर, बोअर मारली आणि तिला बऱ्यापैकी पाणी लागलं. मी सुट्टीवर आलो, कोरडा पडत चाललेला हरभरा पाहिला, भावाची ओली तूर पाहिली आणि अर्ध्या तासात प्रकरणाचा छडा लावला. भावानं विहिरीच्या आतून, त्याच्या बाजूच्या भिंतीला आडवं भोक पाडून आमचं पाणी त्याच्या बोअरीत ओढलंय. पुरावा? पुराव्याची गरज सामान्य बुद्धीच्या माणसांना लागते.

त्याच सुट्टीत बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळा गाव विहारात जमला होता. त्रिसरण झालं, पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील मी सर्वांबरोबर मोठ्यानं म्हटलं. मग दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि बाबांच्या कष्टांवरून विहिरीवर आलो, विहिरीवरून भोकावर आलो आणि भावाकडे बोट दाखवून म्हणालो, "बानं जे पाणी दोघाइले देलं, ते हा चोरून नेऊन राह्यला." भाऊ खाली बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या फोटोकडे पाहिलं आणि उठून गेला. तेव्हापासून पाच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

अबोला ही आमच्याकडे पद्धतशीर गोष्ट आहे. बोलायचं नाही याचा अर्थ काही कळवायचं नाही असा नसतो. दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला निरोप पाठवायचा असेल, तर मध्ये तिसरं माणूस लागतं. आमच्या बाबतीत हे तिसरं माणूस म्हणजे वहिनी. भाऊ माझ्यासमोर उभं राहून वहिनीला म्हणायचा, "त्याले सांग, आज मोटारीची लाइन सकाळची हाय." मी वहिनीला म्हणायचो, "त्याले सांगा, माह्या कानाले ऐकू आलं." वहिनी दोन्ही निरोप पुन्हा मोठ्यानं म्हणायची, कारण तिच्या तोंडून आल्याशिवाय ते पोचले असं धरत नसत. आमच्या बायकांनी हे भांडण अंगाला लावून घेतलं नव्हतं. दोघी एकाच जीपनं रिसोडच्या बाजाराला जायच्या, एकमेकींच्या पिशव्या धरायच्या आणि वाटेत आम्हा दोघांबद्दल जे बोलायच्या ते जीपवाल्याला पाठ झालं होतं.

निवृत्त होऊन आलो तेव्हा विहीर आणखी बसली होती. आता खरं तर साधा उपाय होता. दोन्ही मोटारी दोन दिवस सलग चालवायच्या, विहीर उपसायची, खाली माणूस सोडायचा आणि भोक आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं. गावातला कोणीही हेच करेल. पण दोन्ही मोटारी एकदम चालवायच्या म्हणजे दोघांनी ठरवायला हवं आणि ठरवायचं म्हणजे बोलायला हवं. त्यापेक्षा आठशे किलोमीटरवरून हवा आणणं मला सोपं वाटलं.

माझा एक जुना सोबती कोकणात पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला नेतो. त्याच्याकडून दोन भरलेली सिलिंडरं, नळ्या आणि शिशाचा पट्टा उसना घेतला. सूट माझा होता, तोच बर्फातला. रिसोडच्या एसटीत चढताना कंडक्टरनं अडवलं.

"गॅसचं सिलिंडर चालत नाही गाडीत."

"गॅस नाही, हवा हाय."

"कोणती हवा?"

"साधी. आपण घेतो तीच."

त्यानं सिलिंडरं न्याहाळली, मग मला न्याहाळलं. "हवा कायले नेऊन राह्यले भाऊ? रिसोडात हवा नाही का?" गाडी हसली. त्यानं शेवटी सामानाचं तिकीट फाडून मला मागच्या सीटवर बसवलं आणि उतरेपर्यंत एकही प्रवासी माझ्याजवळ बसला नाही.

घरी वेगळीच अडचण निघाली. एकट्यानं उतरायचं नाही, वर रस्सी धरणारा हवा, हा या धंद्याचा पहिला नियम. आमचे उस्ताद म्हणायचे, बुडी मारणारा कसाही चालेल, रस्सीवाला नीट निवडा. मी शेजारच्या शेतातल्या एकाचं नाव काढलं, तर बायकोनं सिलिंडरावर पाय ठेवला. "तो बिडी पेटवाले रस्सी सोडून देईन. भासरे धरतीन तं उतरा, नाही तं हे उचला अन् परत नेऊन द्या." भासरे म्हणजे थोरले दीर, माझा भाऊ. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ती जावेकडे गेली. तासाभरानं निरोप आला.

"भासरे तयार हायेत. पण त्याह्यनं सांगतलं, भोक निघालं तं ते विहिरीवरचा हक्क सोडतीन. नाही निघालं तं तुमी विहारात, जेथी बोलले तेथीच उभं राहून, सगळ्याइसमोर सांगाचं."

मी लगेच कबूल झालो. माझी एक चांगली सवय आहे, मी आधी ठरवतो आणि मग तपासतो.

जानेवारीतली सकाळ होती. विहिरीत पस्तीस फूट पाणी होतं. मी तो बर्फातला सूट चढवून विहिरीच्या काठावर उभा राहिलो आणि पाचव्या मिनिटाला घामानं निथळू लागलो. भाऊ त्याच्या बाजूला उभा होता, धोतर खोचून, दोन्ही पाय रोवून. त्याच्या हातात माझ्या कमरेला बांधलेली रस्सी. पाच वर्षांत आम्ही दोघांनी मिळून हाती घेतलेलं हे पहिलं काम. मध्ये वहिनी, बाजूला माझी बायको. मी सरोवरावर व्हायची तशी रीतसर सूचना-बैठक घेतली.

"वहिनी, त्याले सांगा, मी एक झटका देला तं मी ठीक हाय. दोन देले तं रस्सी सैल सोडाची. चार देले तं वर ओढाचं."

वहिनी भावाकडे वळली. सकाळपासून गोठ्यात राबलेली बाई. तिनं माझं सगळं लष्करी शास्त्र एका वाक्यात बसवलं. "ते झटका देतीन, तुमी पाहून घेजा."

भावानं मान हलवली. मला वाटलं, निरोप पोचला. फौजेत असताना मी अशा मान हलवण्यावर विश्वास ठेवला नसता.

उतरलो. पहिल्या दहा फुटांत पाणी हिरवं होतं, त्यानंतर काहीच नव्हतं. टॉर्च लावला तर गढूळ पाण्यातला गाळच उजळला. बर्फातल्या सरोवरात मी डोंगरावरचा ढग पाहायचो, घरच्या विहिरीत मला माझा हात दिसत नव्हता. दगडी बांधकाम संपलं, खाली मुरूम आणि मग काळा खडक लागला. भिंतीला हात लावून स्थिर झालो आणि शिस्तीप्रमाणे रस्सीला एक झटका दिला. ठीक आहे.

रस्सी ताणली गेली आणि मी वर निघालो. हळू नव्हे, बादली निघते तसा. पाण्यातून असं वर येताना श्वास धरला तर फुप्फुस फाटतं, म्हणून मी जिवाच्या आकांतानं फुंकत, बुडबुडे सोडत, पायऱ्यांपाशी येऊन आदळलो. नळी काढली.

"वहिनी, त्याले विचारा, काहून ओढलं?"

"त्यानं झटका देला," भाऊ वहिनीला म्हणाला.

"त्याले सांगा, एक झटका म्हणजे मी ठीक हाय!"

"त्याले सांग," भाऊ शांतपणे म्हणाला, "ठीक असलेला माणूस झटका कायले देईन? ठीक हाय तं गुमान काम कर. आमी एवढ्या विहिरी खोदल्या, खालच्यानं रस्सी हालवली का वर ओढाचं. दुसरं काही राहत नाही."

हे खरं होतं. भावानं तरुणपणी मालेगावपासून रिसोडपर्यंत लोकांच्या विहिरी खोदल्या होत्या. खाली घमेलं भरलं की खालचा माणूस रस्सी हलवतो आणि वरचे ओढतात. एक झटका म्हणजे ओढ. तीस वर्षांपूर्वी त्याचे हात हेच शिकले होते आणि मी त्यांना वहिनीमार्फत, पाच मिनिटांत, फौजेची भाषा शिकवायला निघालो होतो. आम्ही सरळ बोलत असतो तर हे खाली उतरण्याआधीच निघालं असतं. वहिनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी तह झाला. झटका दिला तर ओढायचं, ठीक असलो तर काहीच करायचं नाही. मी पुन्हा उतरलो.

या वेळी तळापर्यंत गेलो. गाळात गुडघाभर रुतलो, मग भावाच्या बाजूची भिंत धरली आणि आंधळ्यासारखी तळहातानं चाचपायला सुरुवात केली. खालून वर, एक हात सरकायचं, पुन्हा खालून वर. खडक, खडक, भेग, भेगेत बेडूक, पुन्हा खडक. एक बादली सापडली, एक तांब्या सापडला. भोक सापडत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, लबाडानं वर पाडलं असेल. वर चाचपलं. मुरूम, दगडी बांधकाम, चुन्याचे सांधे, आजोबांच्या हातचे, एकही हललेला नाही. मी दुसऱ्यांदा तीच भिंत चाचपली. खरं सांगतो, तिथे मी मनापासून भोक मागत होतो. चौदा हजार फुटांवर गार पाण्यात जी भीती कधी वाटली नव्हती, ती त्या कोमट विहिरीत वाटली. भोक नसेल तर मी काय आहे?

मग झऱ्याचा विचार आला. आमच्या विहिरीचा मोठा झरा माझ्या बाजूच्या कोपऱ्यात, अगदी तळाशी होता. तिकडे सरकलो. हाताला खडक लागला नाही. काहीतरी गोलसर, फुगीर, दगडासारखं कठीण लागलं. त्यावर बोटं फिरवली तर बारीक विणीचा ठसा होता, पोत्याच्या विणीचा. शेजारी दुसरं. त्यांच्या आजूबाजूला ओघळून मग घट्ट झालेला थर, खडकाच्या भेगांत पक्का गेलेला. झऱ्याची जागा मी दोन्ही हातांनी चाचपली. तिथून पाण्याचा एक थेंबही हलत नव्हता.

सिमेंटची पोती होती ती. ओट्याच्या वेळी मिस्त्री फोनवर म्हणाला होता, "साहेब, तीन पोते पाण्यानं खराब झाले." मला वाटलं होतं, पावसाच्या पाण्यानं. मी त्याला सरोवराच्या काठावरून शिस्तीवर एक लहानसं व्याख्यानही दिलं होतं.

मी तिथे किती वेळ बसलो कुणास ठाऊक. त्या थराचा एक टवका सुटा झाला होता, तो हातात घेतला आणि बसून राहिलो. सिलिंडरात हवा होती, वर जायचं धाडस नव्हतं. आणि मी झटका दिलेला नसताना रस्सी एकाएकी ताणली. कमरेत असा हिसका बसला की हातातला टॉर्च गेला. मी पुन्हा फुंकत, बुडबुडे सोडत वर, आणि पायऱ्यांवर आदळताच नळी थुंकून वहिनीकडे तोंड केलं, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच भाऊ ओरडला. तिच्याकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून.

"मेला का काय बे तू! इतका वेळ! झटका नाही, काही नाही! मले वाटलं गेला!"

पाच वर्षांनी हे पहिलं वाक्य. त्यानं दोन्ही हात देऊन मला काठावर घेतलं. तेव्हा मी ते हात पाहिले, नायलॉनच्या रस्सीनं तळव्यांची कातडी निघाली होती. वहिनी मागे सरकली आणि विहिरीकडे पाठ करून उभी राहिली. तिचं काम संपलं होतं.

मी टवका पुढे केला. "भोक नाही," मी म्हणालो. "माह्या ओट्याचं सिमेंट हाय. झऱ्यावर पडलं."

भावानं टवक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माहीत हाय."

"माहीत हाय?"

"पोते पडले तवा मी एथीच होतो. मिस्त्रीचा पाय घसरला. बा तवा आजारी होते, झरा बुजला म्हणून सांगतलं असतं तं त्याह्यच्या जिवाले घोर लागला असता. मी म्हनलं, उन्हाळ्यात पाहू. पुढच्या साली झरा काही फुटेना, म्हणून बोअर मारली."

"मंग मले काहून नाही सांगतलं? मी विहारात एवढं बोललो, तवा काहून नाही सांगतलं?"

भाऊ आपले तळवे पाहत होता. "मले वाटलं, मिस्त्रीनं तुले सांगतलं असंन. मी पाच साल हेच समजून राह्यलो, का तुले सगळं माहीत हाय. अन् माहीत असून तू मले चोर म्हनलं."

मी सूट उतरवत बसलो. ओल्या रबरातून पाय निघत नव्हता, तो भावानं ओढून काढला.

रविवारी विहारात वंदना असते. ओळीनं बसलो होतो, पुढे बायामाणसं, मागे आम्ही. भाऊ सगळ्यात मागे दाराजवळ, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलापाशी माझा आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. वंदना संपल्यावर मी उभा राहिलो. बर्फाच्या पाण्यात बुड्या मारलेला माणूस, दोन प्रमाणपत्रांचा धनी, आणि सतरंजीच्या काठावरून पुढे पाऊल टाकेना. बोलण्यासाठी मी एक चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यात गैरसमज होता, परिस्थिती होती, मिस्त्री तर दोनदा होता. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "बाच्या पुण्यानुमोदनाले मी भावाले चोर म्हनलं होतं. विहिरीले भोक नाही. झरा माह्याच सिमेंटानं बुजला. भावानं काही केलं नाही. मी खोटं बोललो होतो."

आता कुजबुज होईल, कोणी छी-थू करेल, कोणी भावाकडे वळून पाहील, असं मला वाटत होतं. खरं तर मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं मान वळवली.

"बापू, तुह्या भावानं भोक पाडलं, असं आमच्यातलं कोणी कधी म्हनलं काय?"

"नाही मावशी."

"मंग आमाले कायले सांगून राह्यला? तो असं करन काय? आमाले तवाच माहीत होतं."

"व्हय," बाजूची म्हणाली. "दुःखात बोलला पोरगा, म्हणून गप राह्यलो आमी." दोन-चार माना हलल्या. म्हशीवाला म्हातारा चहाला किती वेळ आहे ते विचारू लागला. माझ्या जाहीर कबुलीचा प्रभाव एवढाच पडला.

पाच वर्षं मी समजत होतो, की गावासमोर मी भावाची अब्रू घेतली आहे. गावानं माझं ऐकलंच नव्हतं. त्या सगळ्या माणसांमध्ये माझ्या आरोपावर विश्वास ठेवणारा एकटा मी होतो.

लोक बाहेर पडू लागले. भाऊ दारापाशी चपला शोधत होता, फडक्याच्या हातानं त्याला पट्टा सरळ करता येत नव्हता. मी वाकून करून दिला आणि जरा घुश्शातच विचारलं, "सगळ्याइले तं आधीच माहीत होतं. मंग मले कायले उभं केलं?"

"ते गावासाठी नव्हतं," भाऊ म्हणाला. "गाव काही म्हनो. मले तुह्या तोंडून ऐकाचं होतं."

यावर मला काहीतरी तिरकस सुचायला हवं होतं, मला नेहमीच सुचतं. मी विहाराच्या पायरीवर खाली बसलो आणि बायकापोरांसमोर, म्हशीवाल्या म्हाताऱ्यासमोर, ढसाढसा रडलो.